दुसऱ्यांदा विचारायचं राहून गेलं

कांदा बराखीत भरून झाला की आमच्या मळ्यात बरेच दिवस एक वास राहतो. सुकलेल्या पातीचा, तापलेल्या मातीचा, थोडासा गोडसर. ओसरीवर अभ्यासाला बसलं तरी तो वहीच्या पानांना लागतो. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट, जाळीच्या भिंतींची खोली. ती भरली आणि तिचं दार बांधलं की घरातली मोठी माणसं कितीतरी दिवसांनी निवांत बसतात आणि एकमेकांना विचारतात, "यात्रा कवा हाय औंदा?"

काल आईने विचारलं ते मात्र थोडं वेगळं होतं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कोमल, औंदा ताटांचं काय करायचं?"

प्रश्न साधाच होता. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तो तिच्या स्वभावातच नाही. पण माझ्या हातातलं पेन थांबलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर आहे, आणि मी संध्याकाळभर गेल्या चैत्रातल्या यात्रेचा विचार करत बसले. तो लिहून काढावा असं वाटलं. मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. त्यामुळे घरात मला सहसा कुणी चूक म्हणत नाही. "ती शिकलेली हाय, तिला माहीत आसंल," असं म्हणून सोडून देतात. ऐकायला हे बरं वाटतं, पण त्याचा एक त्रासही आहे. आपली चूक आपल्यालाच शोधावी लागते, आणि ती सापडेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आमचा मळा निरगुडसरच्या वाटेवर आहे. सात-आठ घरं, मधे चिंचेचं झाड, मागे ओढा. यात्रेच्या दिवशी सकाळी घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडे पळतात, आणि दुपारी गाडे बघून आलेले पावणे घरोघर जेवायला बसतात. ज्याच्या घरी जास्त पावणे त्याला बरं वाटतं. आमच्याकडे शे-सव्वाशे माणूस होतं. पुरणपोळी, आमटी, भात, कुरडई, आणि आमच्या भागातली मासवडी. नाव मासवडी असलं तरी तिच्यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं आणि लसणाचं सारण भरून केलेली वडी, आणि तिच्यावर झणझणीत रस्सा.

मी लहान होते तेव्हापासून या जेवणाला थर्माकोलची ताटं असायची. पुढे त्यांच्यावर बंदी आली, मग चकचकीत कागदाची आली. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत जायला निघाले की ओढ्याच्या काठाने ती सगळी ताटं बाभळींना टेकून ओळीने पडलेली दिसायची. वाऱ्याने उडून तिथे अडकलेली. वाटायचं, रात्रीतून आणखी एक पंगत बसली आणि न जेवताच उठून गेली. एकदा आमचं वासरू तसला एक द्रोण चघळत होतं. मी त्याच्या तोंडात बोटं घालून तो ओढून काढला. माझ्या मनगटाला लागलेली त्याची कोमट लाळ आणि त्याचे घाबरलेले डोळे मला अजून आठवतात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला पर्यावरणाचा प्रकल्प होता. मॅडम म्हणाल्या होत्या, "पुस्तकातून उतरवून आणू नका. घरी काहीतरी बदलून बघा आणि मग लिहा." मी फार मनापासून सुरुवात केली. मंचरच्या बाजारात जाताना कापडी पिशवी न्यायची. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालायचं. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासायची. पावण्यांना पाण्याची बाटली द्यायची नाही, माठातलं पाणी तांब्या-भांड्यातून द्यायचं. ही यादी मी आईला वाचून दाखवली. ती हसायला लागली.

"आगं, हे तर आमी करतच व्हतो की. त्याला प्रोजेक्ट म्हणत्यात व्हय?"

"मग सोडलं का?"

तिने पदराला हात पुसले. म्हणाली, "लाज वाटायला लागली. समद्यांच्या घरी बाटल्या, आन आपल्याच घरी तांब्या."

मला त्यानंतर पुष्कळदा वाटलं, की कॉलेजात मी जे नवं म्हणून शिकत होते त्यातलं निम्मं आईने अलीकडेच मोडीत काढलं होतं. आणि तिला तरी नावं कशी ठेवायची? शंभर माणसांची ताटं उन्हात बसून घासणारी तीच होती. थर्माकोलचं पहिलं ताट घरात आलं तेव्हा तिच्या कमरेला सुख मिळालं होतं. कचऱ्यावर बोलताना ही कंबर मी लक्षात घेतली नव्हती.

तरीही मी ठरवलं, की यात्रेला कागदी ताटं आणायची नाहीत. आधी वाटलं, पानाच्या पत्रावळ्या मिळतील. मंचरला ताटं-द्रोण विकणाऱ्या शेठच्या दुकानात गेले. शेठ मूळचे राजस्थानचे, पण आजोबांपासून इथलेच, मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. त्यांनी मोठ्या उत्साहाने एक गठ्ठा काढला. हिरवीगार ताटं, त्यावर केळीच्या पानाच्या शिरासुद्धा उठलेल्या. मी बोट फिरवलं तर गुळगुळीत प्लास्टिक. पानाचं नुसतं चित्र होतं.

"खरं पान नाही का शेठ?"

"ताई, खरं पान मागायला तुम्हीच आलात या वर्षात," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "माझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, घरची स्टीलची ताटं काढा. पण ती असती तर माझं दुकान चाललं नसतं."

तेच केलं. मळ्यातल्या प्रत्येक घरातून ताटं, वाट्या, भांडी गोळा केली. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, टिंबाटिंबांनी कोरलेलं. कुणाचं लग्नातलं, कुणाचं वास्तुशांतीचं, कुणाचं बारशाचं. ती सगळी ताटं आमच्या ओसरीवर आली तेव्हा मळ्यातली सगळी माणसं एकावर एक रचून ठेवल्यासारखी दिसत होती. घासायचं काम पप्पांनी, मी आणि माझ्या दोन चुलत बहिणींनी करायचं, अशी आईची अट होती. पप्पांनी हौदाजवळ सकाळीच दोन पाट आणून ठेवलेले मी पाहिले. एवढं जुळून आल्यावर मला जोर चढला. पावण्यांना टॉवेल-टोपी द्यायचं बंद करू, ते कुणी वापरत नाही, असंही मी सुचवलं. आई म्हणाली, "एवढं मातर ऱ्हाऊ दे. समदंच एका वर्षात सुधारू नको."

इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

आता मामांबद्दल सांगायला हवं, कारण त्या यात्रेत आईचा सगळा जीव तिथेच अडकला होता. आईचे थोरले भाऊ, अवसरी बुद्रुकला राहतात. आई त्यांना दादा म्हणते, ते तिला सुमन. दोन यात्रा ते आमच्याकडे आले नव्हते, आणि त्याचं कारण मी होते.

माझी बारावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात मामा माझ्यासाठी एक स्थळ घेऊन आले होते. मुलगा चाकणला कंपनीत, घरी बागायती शेती, निर्व्यसनी. मामांनी मनापासून आणलेलं स्थळ होतं, आजही मला त्यात शंका नाही. त्यांनी मला समोर बसवून विचारलं. मी म्हणाले, "नको मामा, मला शिकायचंय." ते हसले आणि पप्पांकडे वळून म्हणाले, "पोरी नकोच म्हणत्यात. दाजी, तुमी बघायची तारीख धरा." मी पुन्हा नको म्हणाले. ते पुन्हा हसले. तिसऱ्यांदा म्हणताना मला रडू आलं, आणि पप्पा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या दादा. तिला शिकायचं आसंल तर शिकू द्या." मामांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. कपात अर्धा चहा होता. "माझ्या शब्दाला या घरात किंमत ऱ्हायली न्हाई," एवढं बोलून ते गेले.

दोन वर्षं आईने यात्रेला त्यांची वाट पाहिली. फोनवर मामी बोलायच्या, मामा नाही. गेल्या वर्षी मात्र पप्पा स्वतः अवसरीला गेले, आमंत्रण देऊन आले, आणि मामा हो म्हणाले. ते कळलं त्या दिवशी आईने तीळ भाजायला काढले. यात्रेला अजून आठवडा होता. "दादाला मासवडी लई आवडती," ती मला चार वेळा म्हणाली असेल.

यात्रेच्या दुपारी ते मोटारसायकलवर आले, मामी मागे बसलेल्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात गेली. मामांनी भांडं हातात घेतलं, थोडं थांबले आणि पाणी प्याले. मी दारातून बघत होते. आईचे ताठलेले खांदे सैल झाल्याचं मला लांबूनही दिसलं.

पंगत चिंचेखाली बसली होती. वर आईच्या जुन्या साड्या बांधून मांडव केलेला, त्याची लाल-निळी सावली ताटांवर पडलेली. मामांनी ताट उचलून त्यावरचं नाव वाचलं आणि शेजारच्यांना म्हणाले, "राव, मी आज ज्ञानोबाच्या ताटात जेवतोय. त्याला ठावं हाय का?" पंगत हसली. पलीकडे हौदावर पप्पा पहिल्या पंगतीची ताटं घासत होते, त्यांच्यावरही कुणीतरी ओरडलं, "दाजी, हाताची मेंदी निघंल, जपून!" पप्पाही हसले. मला वाटलं, सगळं निभावलं.

वाढायला मी आणि माझ्या चुलत बहिणी होतो. आणि मी सगळ्यांसाठी एक नियम केला होता. प्रकल्पाच्या वहीत तो मी लाल पेनाने लिहिला होता: एकदाच विचारायचं. कारण उष्टं पडतं ते आग्रहाने, असं माझं ठाम मत झालं होतं. "घ्या हो, घ्या हो" करत आपण ताटात ढीग घालतो आणि तो उकिरड्यावर जातो. म्हणून पावणा नको म्हणाला की थांबायचं. त्याच्या शब्दाचा मान ठेवायचा. मला हे फार नवं आणि फार सभ्य वाटलं होतं.

मामांच्या ताटात मी पहिल्यांदा दोन मासवड्या आणि रस्सा वाढला. दुसऱ्या फेरीला आले. "मामा, मासवडी?" 

"नको, नको."

मी पुढे गेले. पोळी घेऊन बहीण आली, तिलाही ते नको म्हणाले, तीही पुढे गेली. आमटीलाही तेच. माझ्या मनात त्या वेळी खरंच प्रेम होतं. वाटत होतं, तीन वेळा नको म्हणायला लागणं काय असतं ते मला माहीत आहे, मी तसं कुणाला करणार नाही.

पंगत उठली. आई आत पुरणपोळ्या भाजत होती, तिला बाहेरचं काही दिसलं नव्हतं. मामा हात धुऊन थोडा वेळ बसले, टॉवेल-टोपी घेतली आणि ऊन उतरायच्या आत निघाले. संध्याकाळी मी उष्ट्याची बादली पाहिली. दरवर्षी तीन भरायच्या, त्या दिवशी एकसुद्धा काठापर्यंत आली नव्हती. मी तिचा फोटो काढला. वेगवेगळ्या बाजूंनी काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नावं बघून ताटं वेगळी करत होतो. मामींचा फोन आला. आईने स्पीकर लावला, कारण तिचे हात ओले होते. मामींना हसू आवरत नव्हतं.

"आवो वन्सं, तुमच्या भावानं काल घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या, कालवणासंगं. मी म्हणलं, यात्रंवरनं आलाय का दुष्काळातनं?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला हसू आलं, पण ते काय हसंनात. म्हणले, बहिणीच्या घरी मला कुणी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई."

आईने फोन बंद केला. एक ताट उचललं, त्यावरचं नाव वाचलं, चुकीच्या गठ्ठ्यावर ठेवलं, पुन्हा उचललं.

"आई, ते नको म्हणाले होते."

"नको म्हणत्यातच की," ती म्हणाली. "पावणा काय हो म्हणंल व्हय? त्यो नको म्हणणार, आपण वाढणार. दोन वर्षांनी आला व्हता गं. एकदा तरी म्हणायचंस, घ्या की मामा."

एवढंच. मग ती उठून गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी ताटांच्या गठ्ठ्यांमधे बसून राहिले. फोनमध्ये रिकाम्या बादलीचे फोटो होते. त्या बादलीत न पडलेलं अन्न कुणाच्या पोटातही गेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. आणखी किती पावणे असे उठले असतील? मामा घरी जाऊन बोलले म्हणून समजलं. बाकीच्यांनी वाटेत वडापाव खाल्ला असेल.

मला अजून एक गोष्ट कळत नव्हती, आणि तीच जास्त टोचत होती. आमच्याकडे नको या शब्दाचा अर्थ नको असा होत नसेल, तर बारावीच्या सुट्टीत मी म्हटलेल्या नकोचा अर्थ मामांनी काय घ्यायला हवा होता? त्यांनी आग्रहच केला होता. त्यांच्या बाजूने ते चांगले यजमान होते. मग मला एवढं रडू का आलं? की शिकून माझा आणि माझ्या माणसांचा शब्दच वेगळा झाला?

चार दिवसांनी कॉलेज सुटल्यावर मी घरी न जाता अवसरीच्या गाडीत बसले. मंचरपासून लांब नाही, पण मला ती वाट फार लांब वाटली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याचे ढीग, गोणी शिवणारी माणसं, ट्रॅक्टरची रांग. काय बोलायचं ते मी तीनदा मनात जुळवलं आणि उतरेपर्यंत विसरले.

मामा बराखीजवळ कांदा निवडत होते. मला बघून म्हणाले, "एकटीच? बरं हाय ना समदं?"

"मामा, त्या दिवशी तुम्ही उपाशी उठलात. चूक माझी होती. आईला काही माहीत नव्हतं. एकदाच विचारायचा नियम मी केला होता."

"नियम?" त्यांनी कांदा खाली ठेवला. "जेवणात कसला नियम?"

मी सगळं सांगितलं. ओढ्यातली ताटं, वासराच्या तोंडातला द्रोण, उष्ट्याच्या बादल्या, प्रकल्प. मला वाटलं ते चिडतील. पण उष्ट्याचं ऐकून ते एकदम गंभीर झाले. मामींना त्यांनी हाक मारली, "एक ताट आण गं. रिकामं." मग मला म्हणाले, "बस हितं. तुला कुणी वाढायला शिकवलंय का?"

मला तेव्हा माहीत नव्हतं, मामी सांगू लागल्या तेव्हा कळलं, की केटरर यायच्या आधी गावातल्या लग्नांना मामांना वाढायला मुद्दाम बोलावून न्यायचे. मंडपात सगळ्यांत पुढची पंगत वाढायला त्यांच्याकडे असायची.

मामांनी ताट माझ्यासमोर ठेवलं आणि हातात रिकामी पळी घेतली. "आता नको म्हण."

"नको."

"हे तोंडाचं नको. ह्याला थांबायचं न्हाई. निम्मी पळी वाढायची आन पुढं जायचं. आता ताटावर हात आडवा धर. आसा. हा हाताचा नको. ह्याला इचारायचं, आन घासभर वाढायचं, कारण त्यो अजून बोटांच्या फटीतनं बघतोय." मामी खुदकन हसल्या. "आन तिसरा, माणूस दोन्ही हातांनी ताट झाकतो, पुढं वाकतो, आन तुझ्या डोळ्यांकडं बघतो. तवा वाढायचं न्हाई. तवा वाढलं तर त्यो जुलूम. तेच उष्टं पडतं."

"पण आग्रहाने वाया जातंच ना मामा?"

"आग्रहानं न्हाई, पोरी. मोठ्या पळीनं. आताचे वाढपी एकदाच ढीग घालून मोकळे व्हत्यात, त्यांना दुसऱ्या मंडपात जायचं आसतंय. आमी चार फेऱ्या मारायचो. थोडं थोडं, पण परत परत. पाय दुखायचे. उष्टं लई कमी असायचं." ते पळी हातात फिरवत राहिले. "पावण्याला भूक भाकरीची आसती, तशी परत येऊन इचारण्याची बी आसती."

मी वही काढली आणि हे लिहून घेऊ लागले. मामा माझ्या हाताकडे बघत होते. लिहिता लिहिता मला वाटलं ते आता उठून कांद्याकडे जातील, पण ते बसून राहिले. पळी त्यांनी ताटात हळूच ठेवली. आवाज झाला नाही.

"तुझ्या त्या येळंला," ते म्हणाले, आणि थांबले. मामी आत निघून गेल्या. "तुझ्या त्या येळंला मी निस्तं तोंडाचं ऐकलं. तू दोन्ही हातांनी ताट झाकून बसली व्हतीस. मी बघितलंच न्हाई. एवढा मोठा वाढपी, आन बघितलं न्हाई."

मी मान खाली घातली, वहीवर थेंब पडू नये म्हणून ती बाजूला सरकवली. मामा उठले, आत गेले आणि खरंखुरं जेवण घेऊन आले. भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. मी नको म्हणाले नाही. दुसऱ्यांदा भाकरी मी स्वतःहून मागितली. मामी म्हणाल्या, "आवो, ही तर मागती!" आणि मामांनी ती माझ्या ताटात वाढली, अर्धी. मग पुन्हा आले, आणखी अर्धी.

त्या प्रकल्पाला मला चांगले गुण मिळाले. रिकाम्या बादलीचा फोटो मी त्यात लावला नाही. मॅडमनी विचारलं, की कचरा कमी झाल्याचा पुरावा कुठे आहे. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी देते मॅडम, या वर्षीचा बरोबर नाही." त्यांना ते कितपत कळलं, कोण जाणे.

अजूनही मी कापडी पिशवी नेते, भाजीचं पाणी झाडाला घालते, ताटं राखेने घासते. चांगल्या सवयी आहेत, सोप्या आहेत, कुणालाही सांगाव्यात अशा. फक्त सांगताना मी आता जरा अडखळते. दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन तिथली एखादी रीत बंद करण्याआधी ती कशासाठी होती, हे विचारावंसं वाटतं. पुष्कळदा तिथेच बसलेलं कुणीतरी, आपल्याहून जास्त पायपीट केलेलं, काही वाया न घालवता सगळ्यांना पोटभर वाढायचं कसं ते जाणत असतं.

काल आईने ताटांचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "स्टीलचीच. घासायला मी आणि पप्पा आहोतच."

"आन वाढायला?"

मी उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून मी उचलला. मामा होते. गाडे कधी जुंपणार, ऊन किती आहे, माझी परीक्षा कधी संपते, असं इकडचं तिकडचं विचारलं. पदवीनंतर काय, असं विचारलं. मी म्हणाले, पुढे शिकायचंय. ते "बरं" म्हणाले आणि स्थळाचं नाव काढलं नाही. मग म्हणाले, "सुमनला सांग, औंदा माझं ताट मांडू नको. मी सकाळच्यालाच येतो. पावणा म्हणून न्हाई, वाढायला येतो."

मी आईला जसंच्या तसं सांगितलं. तव्यावर भाकरी होती. ती उलटायची वेळ कधीच होऊन गेली होती, एका बाजूने करपल्याचा वास यायला लागला होता. आई तिथेच, पिठाचे हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काय म्हणला? परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.

"अजून एकदा सांग."